विंडरमिअरची भावकी

१४ ऑगस्ट १९४५ रोजी प्रागहून उडालेली स्टर्लिंग बॉम्बर विमानं इंग्लंडच्या उत्तरेला, कार्लाइल शहराजवळच्या क्रॉस्बी-ऑन-ईडन हवाई तळावर उतरली. बॉम्ब वाहण्यासाठी बांधलेली विमानं, त्यांत खुर्च्या कुठल्या? सुमारे तीनशे मुलं जमिनीवरच पाय पोटाशी घेऊन बसून आली होती. बहुतेक पोलंडमधली, सगळी ज्यू आणि जवळजवळ सगळी पोरकी. त्याच मध्यरात्री ब्रिटनच्या पंतप्रधानांनी रेडिओवरून जपानच्या शरणागतीची बातमी दिली आणि दुसऱ्या दिवशी अख्खा देश रस्त्यावर येऊन नाचला. ही मुलं तेव्हा विंडरमिअर सरोवराकाठच्या एका कामगार वसाहतीत, कित्येक वर्षांनी पांढऱ्या स्वच्छ चादरीवर झोपून उठत होती.

नाझी छळछावण्यांबद्दल मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. पण सुटका झाल्यावर, घरचं कुणीही उरलेलं नसताना, चौदा-पंधरा वर्षांच्या पोरानं पुढे जगायचं कसं, याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. विंडरमिअरच्या त्या उन्हाळ्याची गोष्ट तिथूनच सुरू होते.

आधी जागेबद्दल. इंग्रजांना लेक डिस्ट्रिक्टचं वेड फार. कवी वर्ड्स्वर्थ तिथला, आणि सशांच्या गोष्टी लिहिणारी बिआट्रिक्स पॉटरही तिथेच शेतीवाडी करून राहिली. सरोवराकाठी कुणी कारखाना काढायचं म्हटलं, की गाव उठलंच म्हणून समजा. १९१२च्या सुमारास पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा कारखाना निघायचं घाटत होतं, तेव्हा विरोध करणाऱ्यांत पॉटरबाई पुढे होत्या. दुसऱ्या महायुद्धात मात्र इलाज उरला नाही. शॉर्ट ब्रदर्स कंपनीनं विंडरमिअरच्या काठावर संडरलँड जातीच्या, पाण्यावर उतरणाऱ्या लष्करी विमानांचा कारखाना थाटला. कामगारांसाठी कॅल्गार्थ इस्टेट नावाची बैठ्या घरांची आणि एकट्या कामगारांच्या खोल्यांची वसाहत बांधली. युद्ध संपलं की हे सगळं पाडून जमीन पूर्ववत करायची, या अटीवर निसर्गप्रेमींनी संमती दिली होती. पस्तीस विमानं तयार झाली, कारखान्याचं काम आटोपलं आणि खोल्या रिकाम्या पडल्या. ज्या वसाहतीनं आसपासच्यांच्या डोळ्यांत कुसळ टोचल्यासारखं होत होतं, तिच्यातल्या त्या रिकाम्या खोल्या आता कामी आल्या.

खर्च सरकारनं केला नव्हता. ‘सेंट्रल ब्रिटिश फंड’ ही ब्रिटनमधल्या ज्यूंनी १९३३मध्ये काढलेली मदतसंस्था. युद्धाच्या आधी जर्मनी, ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकियातून सुमारे दहा हजार मुलं ब्रिटनमध्ये आणण्यात तिचा मोठा वाटा होता. १९४५मध्ये संस्थेचे लिओनार्ड माँटेफिओरे यांनी गृहखात्याचा पिच्छा पुरवला आणि सोळा वर्षांखालच्या एक हजार मुलांसाठी परवानगी मिळवली. सरकारी तिजोरीवर भार पडू द्यायचा नाही आणि मुक्काम तात्पुरता राहील, एवढ्या दोन अटी होत्या. हजारांची परवानगी हाती होती, पण तेवढी मुलं काही मिळाली नाहीत. पुढच्या काही वर्षांत निरनिराळ्या तुकड्यांतून एकूण ७३२ जण आले.

हजार का मिळाली नाहीत, याचं उत्तर छावणीच्या फाटकाशी होतं. ऑशविट्झमध्ये गाडी आली, की कामाला उपयोगी नसलेली लहान मुलं, त्यांच्या आया आणि म्हातारी माणसं थेट मरणाच्या रांगेत जात. जगले ते बहुतेक हाडापेरानं मजबूत असलेले, वयात आलेले मुलगे. म्हणून ७३२मध्ये मुली जेमतेम ऐंशी. जगण्यासाठी या पोरांनी छावणीत वय वाढवून सांगितलं होतं. इंग्लंडच्या विमानात जागा मिळावी म्हणून त्यांतल्याच अनेकांनी ते कमी करून सांगितलं. कागदोपत्री पंधराचा असलेला मुलगा खरा सतरा-अठराचाही असे, आणि कुणी फार खोलात शिरलं नाही, हे बरंच झालं.

त्यातला एक बेन हेल्फगॉट. जन्म १९२९चा, गाव पोलंडमधलं पिओत्रकूव. जर्मनांनी व्यापलेल्या पोलंडमधला, ज्यूंना कोंडून ठेवणारा पहिला घेट्टो याच गावात, १९३९च्या ऑक्टोबरात उभा राहिला. बेन तिथल्या काचकारखान्यात राबला. १९४२च्या डिसेंबरात आई आणि धाकटी बहीण यांना जवळच्या रानात नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. पुढे बुखेनवाल्ड, श्लीबेन आणि शेवटी तेरेझिन या छावण्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तेरेझिन मोकळं झालं, तेव्हा मुलगा हाडांचा सापळा झाला होता. वडील जिवंत असतील, ही आशा होती. मुक्तीला थोडेच दिवस उरले असताना, कैद्यांना चालवत नेत असता त्यांनी पळायचा प्रयत्न केला आणि ते मारले गेले, हे त्याला मागाहून कळलं. मधली बहीण तेवढी वाचली होती आणि स्वीडनला पोचली होती. घर कसं आहे ते बघायला तो चुलतभावाबरोबर पोलंडला परतला, तर गणवेशातल्या दोघा पोलिश माणसांनी त्यांना एका बाजूला नेऊन पिस्तूल रोखलं. कशीबशी दया येऊन सोडून दिलं. असा मुलगा त्या विमानात बसला होता.

कॅल्गार्थमधल्या कर्मचाऱ्यांना पहिल्या काही दिवसांत सर्वांत मोठा पेच पडला तो पावाचा. टेबलावर पावाची थाळी ठेवली, की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच रिकामी. पोट भरलं तरी पाव खिशात, उशीखाली, गादीखाली जाई. ओरडून किंवा मोजून वाढून उपयोग नव्हता. शहाणपण एवढंच, की थाळी रिकामी झाली की पुन्हा भरायची. उद्याही पाव मिळणार, हे पोटाला पटायला काही दिवस लागले. मग लपवाछपवी आपोआप थांबली. जुने कपडे उवांमुळे जाळून टाकले होते, नवे यायला वेळ लागला, म्हणून काही दिवस ही तरणीताठी पोरं आतल्या कपड्यांवर सरोवराकाठी हिंडत होती. ज्यांना क्षय निघाला त्यांना सॅनेटोरियममध्ये हलवलं. बाकीचे इंग्रजी शिकू लागले, पोहू लागले, फुटबॉल खेळू लागले, सायकलीवरून पडू लागले.

कामाची धुरा ऑस्कर फ्रीडमन यांच्याकडे होती. स्वतः जर्मनीतून आलेले आणि बिथरलेल्या मुलांबरोबर काम करण्याची सवय असलेले. त्यांच्या जोडीला व्हिएन्नाच्या चित्रकार मारी पानेथ होत्या. लंडनच्या एका दरिद्री वस्तीतल्या पोरांबरोबर त्यांनी काम केलं होतं आणि त्यावर १९४४मध्ये ‘ब्रांच स्ट्रीट’ हे पुस्तकही लिहिलं होतं. विंडरमिअरला त्यांनी रंग, कागद आणि मोकळी खोली दिली. चित्र कसं काढायचं ते शिकवलं नाही, काय काढायचं तेही सांगितलं नाही. आजच्या भाषेत याला कलोपचार म्हणतात. तेव्हा त्याला धड नावही नव्हतं, आणि मुलांना तर तो फक्त रंगांचा तास होता.

याच्या पलीकडे मोठ्यांनी फारसं काही केलं नाही. आज हे वाचताना आश्चर्य वाटतं, पण त्या काळचं शहाणपण विसरायला लावण्याचं होतं: मागचं उकरू नका, पुढे बघा, भाषा शिका, धंदा शिका. मायेनं वागणारी माणसंही प्रश्न विचारत नसत. विचारलं असतं तरी कोणत्या भाषेत सांगणार? मुलं आपसांत यिडिश आणि पोलिश बोलत, मोडकी जर्मन सगळ्यांना येई. सांगायचं ते मुलांनी एकमेकांना सांगितलं, आणि पुष्कळदा तेही सांगितलं नाही, कारण समोरच्याला ठाऊकच होतं.

रेडक्रॉसच्या शोधयाद्या येत. कुणाचा भाऊ स्वीडनमध्ये सापडे, कुणाची बहीण जर्मनीतल्या एखाद्या निर्वासित छावणीत. बहुतेकांच्या वाट्याला नकारच येई, किंवा काहीच येत नसे.

दुःखाला रीत लागते. आपल्याकडे सुतक आहे, दहावा-तेरावा आहे, वर्षश्राद्ध आहे, आणि ते सगळं करायला भावकी आहे. ज्यूंमध्ये सात दिवस घरात जमिनीलगत बसून दुखवटा पाळतात, आई-वडिलांसाठी मुलगा अकरा महिने ‘कद्दीश’ ही प्रार्थना म्हणतो आणि दरवर्षी मृत्यूच्या तिथीला दिवा लावतो. या पोरांजवळ ना घर, ना मृतदेह, ना तिथी. आई नेमकी कोणत्या दिवशी गेली, हे ठाऊक नसलेल्या मुलानं दिवा कोणत्या संध्याकाळी लावायचा? प्रश्न इतका मोठा होता, की पुढे इस्राएलच्या धर्मपीठानं, ज्यांची तिथी माहीत नाही अशा सर्वांसाठी, ज्यू पंचांगातला तेवेत महिन्याचा दहावा दिवस कद्दीशचा दिवस म्हणून नेमून दिला.

कद्दीश एकट्यानं म्हणता येत नाही. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमावे लागतात. अलिबाग-पनवेलकडच्या बेने इस्रायली ज्यू घरांत हा नियम आजही लोकांना ठाऊक आहे, आणि गावातली घरं कमी झाली की दहा माणसं गोळा करताना काय तारांबळ उडते हेही. कॅल्गार्थमध्ये दहाची वाण नव्हती. सगळे एकाच घरातल्या मयतीला जमल्यासारखे, फक्त मयत प्रत्येकाची निराळी. आणि देवाशी भांडण काढून प्रार्थनेला न येणारेही त्यांत होते, हे सांगायलाच हवं.

असं म्हटलं की चित्र फार गोड होतं. ते तसं नव्हतं. छावणीत टिकायचं म्हणजे कोपरानं ढकलून पुढे जावं लागे. ती सवय विमानातून उतरताच गळून पडत नाही. भांडणं होती, मारामाऱ्या होत्या, गावागावांचे गट होते. पिओत्रकूवची पोरं एकीकडे, लॉज शहराची दुसरीकडे. पण याच गटांत मैत्रीची मुळं होती. कोण कोणाच्या शेजारी निजला, कुणी कुणाला भाकरीचा तुकडा दिला, कोण कोणाला चालताना धरून होता, याचे हिशेब छावणीतच मांडले गेले होते. काही मैत्र्या तिथूनच आल्या, काही विमानात जुळल्या, काही सरोवरात डुंबताना. विंडरमिअरनं त्यांना वेळ दिला. कुणी मरणार नाही, कुणाला पाठीमागे सोडून पळावं लागणार नाही, अशा काही महिन्यांच्या मोकळ्या सुट्टीत जुनी ओळख मैत्रीपर्यंत गेली. या सगळ्याचं श्रेय सरोवराला, हवेला किंवा इंग्रजी पाहुणचाराला देण्याचा मोह ब्रिटनमधल्या लेखनात दिसतो. तो थोडा बाजूला ठेवायला हवा. उपकार झाले, नक्कीच झाले. पण एकमेकांना सांभाळलं ते मुलांनी.

याचा सर्वांत चकित करणारा पुरावा मोठ्या पोरांत नाही, त्याच विमानांतून आलेल्या चिमुकल्यांत आहे.

तीन-तीन वर्षांची सहा मुलं. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत आई-बाप गेलेले आणि तेरेझिनच्या पोरक्या मुलांच्या दालनात वाढलेली. त्यांना सांभाळणारी माणसं सतत बदलत राहिली, कारण सांभाळणाऱ्यांनाही पुढच्या गाडीत चढवलं जाई. बदलली नाहीत ती फक्त ही सहा जणं. दोनेक महिने विंडरमिअरला राहिल्यावर, १९४५च्या ऑक्टोबरात त्यांना ससेक्समधल्या वेस्ट होथली गावातल्या ‘बुलडॉग्ज बँक’ नावाच्या घरात ठेवलं. बालमनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइड यांच्या देखरेखीखाली सोफी आणि गेरट्रूड डान या बहिणींनी त्यांना वर्षभर वाढवलं. अ‍ॅना फ्रॉइड आणि सोफी डान यांनी १९५१मध्ये त्यावर लिहिलेला निबंध बालमानसशास्त्रात अजूनही वाचला जातो.

पहिल्या दिवसांत या सहांनी घरातली खेळणी मोडली, सामान फोडलं, मोठ्या माणसांना चावे घेतले, थुंकले, ‘मूर्ख बैला’ अशा अर्थाच्या जर्मन शिव्या दिल्या. कुत्रा दिसला की थरथर कापत. मोठ्यांवर काडीचा विश्वास नव्हता. पण एकमेकांशी त्यांचं वागणं असं, की पाहणाऱ्यांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. एकाला दुसऱ्यापासून क्षणभर वेगळं केलं, की बाकीचे कुठे आहेत असं विचारून विचारून तो हैराण करी. फिरायला गेले आणि एक मागे राहिला, की सगळे थांबत. जेवताना आपल्या ताटाआधी शेजाऱ्याच्या ताटाकडे लक्ष. एकाला खाऊ किंवा खेळणं जास्त मिळालं तर त्याचाच जीव घाबरा होई. सख्ख्या भावंडांत जी ओढाताण आणि हेवेदावे असतात, ते इथे जवळजवळ नव्हते. सख्खी भावंडं आईसाठी भांडतात. या मुलांपाशी भांडायला आईच नव्हती, म्हणून आईची सगळी ओढ त्यांनी एकमेकांवर टाकली, असा त्या निबंधाचा निष्कर्ष. मुलं बिथरलेली होती, चिडखोर होती, पण वेडी किंवा गुन्हेगारी वळणाची झाली नव्हती. वर्षभरात ती नवी भाषा शिकली आणि डान भगिनींना हळूहळू जवळ करू लागली.

आईविना मूल कोमेजतं, हे त्या काळी मानसशास्त्रातलं मध्यवर्ती सूत्र होऊ घातलं होतं. सहा मुलांनी ते खोडलं नाही, पण त्याला एक मोठी पुरवणी जोडली.

विंडरमिअरला आलेल्या आणखी काही लहानग्यांचा सांभाळ अ‍ॅलिस गोल्डबर्गर यांनी केला, पुढे सरे परगण्यात लिंगफील्डच्या ‘वीअर कोर्टनी’ या घरात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सारा मॉस्कोविट्झ यांनी मोठेपणी या मुलांना शोधून काढलं, त्यांच्याशी बोलल्या आणि १९८३मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात सगळ्यांना लागू पडेल असा एकच निकाल नाही. बहुतेकांनी घरं मांडली, कामं केली, मुलं वाढवली. आत एक पोकळी राहिली ती राहिलीच. असे निष्कर्ष गाजत नाहीत, पण विश्वास अशाच निष्कर्षांवर ठेवावा.

विंडरमिअरचा मुक्काम काही महिन्यांचाच होता. १९४५ संपता संपता आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला मुलं लंडन, मँचेस्टर, लीड्स, ग्लासगो अशा शहरांतल्या वसतिगृहांत पांगली. मुक्काम तात्पुरता, ही सरकारची अट कागदावरच राहिली. जाणार कुठे? पोलंडमध्ये काय वाढून ठेवलं होतं ते १९४६च्या जुलैत किल्त्से शहरानं दाखवलं. युद्ध संपून वर्ष उलटल्यावर तिथे जमावानं चाळीसहून जास्त ज्यूंना ठार मारलं. मग शिंपीकाम, यंत्रकाम, दागिन्यांचं काम, जे मिळेल ते शिकत मुलं ब्रिटनमध्येच रुजली. काही जण पुढे अमेरिकेला, कॅनडाला किंवा इस्राएलला गेले.

पांगली म्हणावं, तर दर आठवड्याला पुन्हा एकत्र. लंडनच्या बेल्साइझ पार्क भागात ‘प्रिमरोझ क्लब’ निघाला. चालवणारे योगी मायर. नाव आपल्याकडचं वाटलं, तरी गृहस्थ जर्मनीतून आलेले ज्यू खेळाडू. क्लबात जेवण मिळे, नाच असे, टेबल टेनिस आणि व्यायाम असे. शनिवारी-रविवारी दुसरीकडे कुठेच जायला घर नसलेल्या पोरांना हे घर झालं. बेन हेल्फगॉट वजन उचलू लागला. १९५६च्या मेलबर्न आणि १९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये तो ब्रिटनच्या भारोत्तोलन संघाचा कर्णधार होता. अकरा वर्षांपूर्वी तेरेझिनमधून निघताना त्याला धड चालता येत नव्हतं, हे मेलबर्नच्या प्रेक्षकांत कितीजणांना ठाऊक होतं कोण जाणे. रोमन हाल्टर हा त्यांच्यातलाच आणखी एक, तो वास्तुविशारद आणि पुढे काचचित्रकार झाला.

१९६३मध्ये या मंडळींनी ‘’४५ एड सोसायटी’ स्थापन केली. पहिले अध्यक्ष हेल्फगॉटच, आणि पुढे कित्येक वर्षं तेच. आपल्यातल्या अडल्यानडल्याला मदत करायची, ब्रिटनमधल्या इतर गरजूंसाठी पैसा उभा करायचा आणि दरवर्षी मे महिन्यात, सुटकेच्या तारखेच्या आसपास, सगळ्यांनी एकत्र जेवायचं. त्यांची पोरं एकमेकांच्या बापांना काका म्हणत वाढली. सख्खे काका कुणालाच नव्हते. पुढच्या पिढीनं २०१५च्या सुमारास गोधड्या शिवल्या. एकेक चौकोन एकेका माणसाचा, त्यावर त्याचं गाव, त्याचं घराणं, त्याची आठवण. सर मार्टिन गिल्बर्ट यांनी १९९६मध्ये या साऱ्यांचा इतिहास लिहिला, त्याचं नाव ‘द बॉइज’. २०२०मध्ये बीबीसीनं त्यांच्यावर चित्रपट केला. हेल्फगॉट यांना २०१८मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली. २०२३च्या जूनमध्ये ते गेले.

‘द बॉइज’ या नावात त्या ऐंशी मुली बुडाल्या, याचं वाईट वाटतं. वसतिगृहं मुलांच्या हिशेबानं आखलेली, क्लबाचं वळण मुलांचं, आणि पुढे इतिहासाचं नावही मुलांचंच. अलीकडे अभ्यासक आणि घरची माणसं मिळून त्यांच्या कहाण्या गोळा करत आहेत. उशीर झाला आहे, पण व्हायला हवं होतं ते हेच.

याच काळात पोलंडचीच, पण निराळ्या दिशेनं फेकली गेलेली मुलं आपल्या कोल्हापुराजवळ वाढत होती. १९४०-४१मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सायबेरिया-कझाकस्तानात हाकललं. १९४१च्या सोव्हिएत-पोलिश करारानंतर सुटलेले काही जण इराणमार्गे भारतात आले. नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी जामनगरजवळ बालाचडीला पोरक्या मुलांसाठी वसाहत उभारली, ही हकीकत आता बरीच ठाऊक झाली आहे. कोल्हापूरजवळचं वळिवडे मात्र अजून तितकं माहीत नाही, आणि वसाहत म्हणून ते कितीतरी मोठं. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. चर्च, शाळा, दवाखाना, रंगमंच, स्काउट पथकं, सगळं होतं. बालाचडीची वसाहत १९४६मध्ये बंद झाल्यावर तिथली मुलंही इथे आली. स्काउट पथकांचे प्रमुख झझिस्वाव पेश्कोव्स्की हे स्वतः कातिनच्या हत्याकांडातून वाचलेले अधिकारी. १९४०च्या वसंतात सोव्हिएत पोलिसांनी कातिन आणि इतर ठिकाणी सुमारे बावीस हजार पोलिश कैद्यांना ठार केलं होतं. वळिवड्यात ज्यांचे वडील परतले नव्हते, अशा मुलांना शेकोटीभोवती गाणी शिकवणाऱ्या माणसाचे सोबतीही त्याच खड्ड्यांत गेले होते. पुढे ते धर्मगुरू झाले आणि कातिनच्या कुटुंबांसाठी आयुष्यभर झटले.

वळिवड्यातल्या पुष्कळ मुलांना आई होती, भावंडं होती. विंडरमिअरच्या मुलांना तेही नव्हतं. दोन दुःखांची तुलना करू नये. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी घडली: त्या वर्षांत जोडलेल्या मैत्र्या देश बदलला तरी तुटल्या नाहीत. १९४८नंतर वळिवड्याची मंडळी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा आणि पोलंड अशी विखुरली, पण भारतात राहून गेलेल्या पोलिशांची संघटना त्यांनी काढली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांनी उभारलेला स्मारकस्तंभ आजही आहे. वळिवड्याच्या रिकाम्या बराकींत फाळणीनं बेघर झालेले सिंधी आले. आज ते गांधीनगर, कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ.

कॅल्गार्थ इस्टेट अटीप्रमाणे पुढे पाडली गेली आणि त्या जागेवर आता ‘लेक्स स्कूल’ ही शाळा आहे. २०१९च्या जुलैत पुरातत्त्वज्ञांनी शाळेच्या आवारात उत्खनन केलं. विंडरमिअरच्या ग्रंथालयात या मुलांवरचं प्रदर्शन मांडलेलं आहे, त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित झाल्या आहेत, घरोघरचे फोटो गोळा झाले आहेत. हे काम तिथल्या स्थानिक माणसांनी चिकाटीनं केलं आहे.

वळिवडे, उचगाव, गांधीनगर आणि कोल्हापूर शहरात, १९४८ साली आठ-दहा वर्षांची असलेली माणसं आज पंचाऐंशीच्या पुढे आहेत. वसाहतीत दूध घालायला गेलेली, तिथल्या पोरांबरोबर चेंडू खेळलेली, त्यांचे चार पोलिश शब्द अजून आठवणारी कुणी त्यांच्यात असतील. ज्यांच्या घरात असे आजी-आजोबा आहेत, त्यांनी या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्यापाशी बसावं, मोबाइलवर त्यांचं बोलणं मुद्रित करावं आणि शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागात नेऊन द्यावं.